मधले सात आठवडे खोटे होते का?

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, सादर नमस्कार. मी 34 वर्षांची आहे आणि गेल्या पावणेदोन वर्षांपासून नैराश्याच्या आजारावर उपचार घेत आहे. पहिल्या औषधाने फारसा गुण आला नाही, म्हणून डॉक्टरांनी ते बदलले. दुसरे औषध सुरू होऊन पाच आठवडे झाले असतील, तेव्हा एका सकाळी मला जाग आली आणि छातीवरचे ओझे नव्हते. पुढचे सात आठवडे मी जगले, असेच मी म्हणेन. वर्षभर न उघडलेले पुस्तक वाचून संपवले, बहिणीशी तासभर फोनवर बोलले, आंघोळीला जाण्यासाठी मनाची तयारी करावी लागली नाही. मागे पडलेली सगळी कामे मी एकदम अंगावर घेतली. आणि मग, काही विशेष कारण घडलेले नसताना, पुन्हा पहाटे चारला जाग येऊ लागली. आठवडाभरात भूक गेली, त्यानंतर कोणाशी बोलणेही नकोसे झाले. या गोष्टीला आज तीन आठवडे झाले आहेत.

पूर्वीपेक्षा आताचे दुःख अधिक आहे. पूर्वी आपण काय गमावले आहे, हे मला आठवतही नव्हते. आता ते ताजे आहे. घरची माणसे विचारतात, "बरी झाली होतीस ना, मग पुन्हा काय झाले?" त्यांना काय उत्तर द्यावे, ते कळत नाही. मागच्या भेटीत मी डॉक्टरांना 'अगदी छान आहे' असे सांगितले होते, त्यामुळे आता त्यांच्याकडे जायचीही लाज वाटते. मधल्या काळात दोन-चार वेळा गोळी घ्यायची राहूनही गेली असेल. आता तिचा उपयोगच संपला असेल, तर ती बंद करावी असे वाटते. रात्री झोपताना, सकाळी जागच आली नाही तर बरे, असा विचार येतो. ते सात आठवडे खोटे होते का? आणि खोटे असतील, तर पुन्हा आशा तरी कशाला धरायची?

उत्तर : पत्रातील एक वाक्य तुम्ही ओझरते लिहून पुढे गेला आहात, मी मात्र तेथूनच सुरुवात करते. सकाळी जागच आली नाही तर बरे, हा विचार नैराश्यात अनेकांना येतो आणि तो आल्यामुळे कोणी अपराधी ठरत नाही. तरीही तो तुमच्या डॉक्टरांच्या कानावर, याच शब्दांत आणि याच आठवड्यात गेला पाहिजे. हा विचार 'कसे' आणि 'केव्हा' यांच्याकडे सरकू लागला, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. त्या क्षणी घरातील एका माणसाला उठवून सांगा, एकट्या राहू नका, जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या मदतवाहिनीला फोन करा. तोपर्यंत घरात शिल्लक असलेल्या औषधांचा साठा बहिणीकडे किंवा घरातील दुसऱ्या कोणाकडे ठेवायला द्या आणि रोजची गोळी त्यांच्याकडून मागून घ्या. अ‍ॅरन बेक या मानसोपचारतज्ज्ञांनी 1974 मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह निराशेचे मोजमाप करणारी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढे त्यांच्याच अभ्यासांतून असे दिसले, की आत्महत्येच्या धोक्याचा अंदाज माणूस किती उदास आहे यापेक्षा 'पुढे काहीच चांगले होणार नाही' अशी त्याची किती खात्री झाली आहे, यावरून अधिक चांगला बांधता येतो. आजार उलटल्यावर नेमकी हीच खात्री बळावते, म्हणून मला तुमच्या उदासीइतकीच 'आशा तरी कशाला धरायची' या प्रश्नाची काळजी वाटते.

आता तुमचा मूळ प्रश्न. ते सात आठवडे खोटे नव्हते. तो गुण औषधाचा होता, आजाराच्या स्वतःच्या चढउताराचा होता की दोन्हींचा मिळून होता, हे कोणालाही खात्रीने सांगता येणार नाही आणि मीही सांगणार नाही. परंतु त्यांतून एक गोष्ट निश्चित कळते. पावणेदोन वर्षांच्या आजारानंतरही तुमची झोप, भूक, वाचनातली एकाग्रता, बहिणीच्या बोलण्यात रमून जाणारे मन, यांतले काहीच कायमचे गेलेले नाही. गेलेले असते, तर सात आठवडे सोडा, सात मिनिटांसाठीही ते परत आले नसते.

ताप उलटला असे आपण म्हणतो, तसेच नैराश्यही उलटते. याविषयी डॉक्टरांमध्येही एकेकाळी पुष्कळ गोंधळ होता, कारण 'बरे झाले' हा शब्द प्रत्येक जण आपापल्या अर्थाने वापरत असे. 1991 मध्ये एलेन फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शब्दांच्या व्याख्या नेमक्या करण्याचा प्रयत्न केला. औषधाला प्रतिसाद मिळणे ही एक पायरी, लक्षणे जवळपास नाहीशी होणे ही दुसरी, आणि तशी स्थिती कित्येक महिने टिकून आजाराचा तो झटका खऱ्या अर्थाने संपणे ही तिसरी. दुसऱ्या पायरीवर असताना लक्षणे परतली, तर तोच आजार उलटला असे समजतात. तिसरी पायरी गाठून झाल्यावर परतली, तर त्याला नवा झटका म्हणतात. तुम्ही दुसऱ्या पायरीवर होता. पायाच्या मोडलेल्या हाडाचे दुखणे हाड पुरते सांधण्याच्या कितीतरी आधी थांबते, आणि दुखत नाही म्हणून त्याच दिवशी त्या पायावर सगळा भार टाकला तर काय होते, हे वेगळे सांगायला नको. बरे वाटू लागल्यानंतरही औषध त्याच मात्रेत किमान सहा महिने चालू ठेवावे, असे जे सांगितले जाते, त्याचे कारण हेच आहे. घरच्यांना उत्तर द्यायला तुम्हाला शब्द सापडत नाहीत. 'आजार उलटला आहे' एवढेच सांगा. ते खरे आहे, पुरेसे आहे, आणि त्यावर 'पुन्हा काय झाले' असा प्रश्न उरत नाही.

तुमचे काही चुकले म्हणून हे घडले, असेही समजू नका. ब्रिटनमध्ये झालेला एक मोठा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ नैराश्यावरील औषध घेणारे आणि आता ते थांबवण्याइतके बरे वाटणारे 478 लोक त्यात होते. निम्म्यांचे औषध चालू ठेवले, उरलेल्यांचे हळूहळू कमी करून बंद केले, आणि कोणाला काय मिळते आहे, हे त्यांना किंवा त्यांच्या डॉक्टरांना ठाऊक नव्हते. वर्षभरात औषध बंद झालेल्यांपैकी 56 टक्के लोकांचा आजार परतला. औषध नियमित चालू असलेल्यांपैकीही 39 टक्के लोकांचा परतला. या दोन आकड्यांपैकी दुसरा तुमच्या लाजेसाठी आहे. बरे वाटणाऱ्या माणसांचा आजार, औषध हाती असताना, देखरेखीखाली असतानाही उलटतो आणि त्यात त्यांच्या मनोबलाचा काही दोष नसतो. पहिला आकडा गोळी बंद करण्याच्या तुमच्या विचारासाठी आहे.

म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. या औषधांपैकी काही एकाएकी थांबवली की काही दिवसांतच चक्कर येते, झोप मोडते, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटते. हा त्रास उलटलेल्या आजारात मिसळला की कशामुळे काय होत आहे, हे ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जाते. चुकलेल्या गोळ्यांबद्दल मात्र खरे सांगा. त्या दोन-चारच होत्या की अधिक, हे कळले नाही तर एखादे चांगले औषध निरुपयोगी समजून बदलले जाण्याची भीती असते.

'मागे पडलेली सगळी कामे मी एकदम अंगावर घेतली' या तुमच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. बहुतेकांच्या बाबतीत याचा अर्थ सरळ असतो. वर्षभर उपाशी राहिलेला माणूस ताटावर बसावा, तसे होते. परंतु त्या दिवसांत तीन-चार तासांची झोप पुरत होती का, विचार आणि बोलणे नेहमीपेक्षा फार वेगाने चालत होते का, न झेपणारे खर्च किंवा बेत केले गेले का, 'तू जरा जास्तच उत्साहात आहेस' असे कोणी म्हणाले होते का, याचा नीट विचार करा आणि बहिणीलाही विचारा. काही जणांच्या नैराश्यामागे द्विध्रुवीय विकार असतो. त्यात उदासीच्या मधल्या काळात मन प्रमाणाबाहेर वर जाते आणि नैराश्याच्या नेहमीच्या औषधानेही तसे घडू शकते. त्याचा उपचार वेगळा असतो, केवळ नैराश्याची औषधे बदलत राहून तो साधत नाही. तुमच्या पत्रावरून मला तशी शंका येण्याइतका पुरावा दिसत नाही, पण थोड्या काळासाठी लख्ख बरे वाटून पुन्हा खाली आलेल्या प्रत्येक रुग्णाला हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कारण 'आता बरे वाटते' असे सांगणाऱ्या माणसाला 'किती बरे?' असे सहसा कोणी विचारत नाही. थायरॉइडचे कार्य, रक्तातील हिमोग्लोबिन आणि बी-12 जीवनसत्त्व यांची तपासणी पूर्वी झाली नसेल किंवा होऊन बराच काळ लोटला असेल, तर तीही करून घ्यावी. मद्य घेत असाल किंवा मधल्या काळात दुसऱ्या एखाद्या आजारासाठी नवे औषध सुरू झाले असेल, तर तेही सांगावे.

डॉक्टरांकडे जाण्याची लाज वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. तुम्ही मागच्या भेटीत खोटे बोलला नव्हता. त्या दिवशी तुम्ही छान होता. पुढची भेट लांब असेल तर ती अलीकडे आणून घ्या. जाताना अर्ध्या पानाचे टिपण न्या, कारण समोर बसल्यावर रडू येते किंवा शब्दच फुटत नाहीत आणि मग पुन्हा 'ठीक आहे' म्हणून माणूस परततो. औषध केव्हा बदलले, बरे वाटू लागले तो दिवस, पहाटे जाग येऊ लागली तो दिवस, चुकलेल्या गोळ्या, आणि तो रात्रीचा विचार, एवढे पुरे. नैराश्याचे मोजमाप करणारी नऊ प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली डॉक्टर वापरतात. तिचे गुण 0 ते 27 असतात आणि 5 च्या खाली लक्षणे जवळपास नाहीत, असे मानतात. ती दर पंधरवड्याला भरून तारखेसह ठेवली, तर सहा महिन्यांत एक आलेख तयार होतो. चांगल्या रीतीने बरे होत असलेल्या माणसाचाही तो आलेख करवतीच्या दात्यांसारखाच असतो. आणि तो डोळ्यांसमोर असला की वर गेलेल्या एका दात्यावरून सगळे संपले, असे म्हणणे कठीण जाते.

त्यानंतर डॉक्टर औषधाची मात्रा वाढवतील, त्याला दुसऱ्या औषधाची जोड देतील किंवा औषध बदलतील. संवादातून केली जाणारी मानसोपचार पद्धती सुरू नसेल तर ती सुचवतील. हे सगळे थकल्यावरही लिथियमची जोड किंवा भूल देऊन केले जाणारे विद्युत उपचार यांसारखे मार्ग शिल्लक असतात. तुम्ही आतापर्यंत दोनच औषधे घेतली आहेत, आणि त्यांपैकी एकाने सात आठवडे दिले. 'काहीच लागू पडत नाही' असे म्हणण्याची जागा येथून खूप दूर आहे.

तुमच्या दुःखाचा दुसरा पदर मात्र औषधाच्या मात्रेने सुटण्यासारखा नाही. पूर्वी फक्त अंधार होता. आता उजेड पाहून अंधारात परत जावे लागले, आणि हे परतणे पहिल्यापेक्षा खरोखरच अधिक जाचते. हे माझ्याकडे येणाऱ्या अनेकांनी, वेगवेगळ्या शब्दांत, सांगितले आहे. त्याला शोक म्हणावे आणि त्यासाठी रडावे. त्या शोकाच्या मागोमाग येणारा निष्कर्ष मात्र तपासून घ्यावा. मन उदास असताना उदास आठवणी चटकन हाती लागतात आणि चांगल्या आठवणी पुसट, परक्या, कोणा दुसऱ्याच्या असाव्यात अशा वाटतात, हे मानसशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. म्हणजे ते सात आठवडे खरे होते की खोटे, याचा निवाडा तुम्ही नेमक्या त्याच साक्षीदाराकडून करून घेत आहात, ज्याची स्मृती या घटकेला आजारी आहे. त्या तासभराच्या फोनची दुसरी साक्षीदार तुमची बहीण आहे. तिला विचारा, आपण काय बोललो, कशावर हसलो. तिने सांगितलेले एका कागदावर तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. तो कागद वाचून लगेच बरे वाटेल, अशी अपेक्षा धरू नका. तो निष्कर्ष काढताना समोर असावा, एवढ्यासाठीच आहे.

'का उलटले, माझ्यातच काही खोट आहे का' हे चक्र रात्रंदिवस फिरत असेल, तर तेही ओळखून ठेवा. दुःखाच्या कारणांचा असा अखंड रवंथ नैराश्य लांबवतो, हे सुसान नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवले. विचार थांबवू म्हटल्याने थांबत नाहीत. हातांना काहीतरी लहानसे काम दिले, जागा बदलली, तर त्यांचा जोर थोडा ओसरतो. 1996 मध्ये नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या एका अभ्यासात, रुग्णांना केवळ ठरवून हळूहळू कामांकडे परत आणण्याचा परिणाम संपूर्ण बोधात्मक उपचाराइतकाच, म्हणजे विचारांच्या सवयी तपासून बदलायला शिकवणाऱ्या उपचाराइतकाच, दिसून आला. उभारी आल्यावर उठेन, असे ठरवले तर दिवस निघून जातो; उठल्यावर कधीकधी थोडी उभारी येते. तुमच्यासाठी सध्या एवढेच पुरे, की रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ एकच ठेवायची, दिवसा थोडा वेळ उजेडात चालायचे आणि रोज एक काम करायचे, तेही बसल्या जागी संपेल इतके लहान. अंगावर घेतलेल्या कामांपैकी निम्मी या आठवड्यात परत करा. कारण विचारले तर 'तब्येत बरी नाही' हे पूर्ण उत्तर आहे. पुढच्या वेळी बरे वाटू लागेल, तेव्हा पहिले दोन महिने नवे काहीही स्वीकारायचे नाही, हे आताच बहिणीला सांगून ठेवा, कारण त्या दिवसांत तुम्हाला ते पटणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा 26 वर्षांचा आहे. सहा वर्षांत त्याला नैराश्याने तिसऱ्यांदा गाठले आहे. तो जरा हसला-बोलला की आम्हा दोघांना फार आनंद होतो आणि आम्ही तो बोलून दाखवतो. परवा तो म्हणाला, "तुम्ही आनंदी झालात की मला भीती वाटते." आमचे काय चुकते?

उत्तर : तुमचा आनंद चुकीचा नाही, आणि मुलाने फार मोलाची गोष्ट तुम्हाला विश्वासाने सांगितली आहे. आज तो हसला आणि घर उजळले, म्हणजे उद्या त्याला हसता आले नाही तर घर विझणार आणि त्याला कारण तो ठरणार, असे त्याच्या मनात बसले आहे. अशी माणसे वाईट दिवस लपवू लागतात. वरच्या पत्रलेखिकेने तीन आठवडे डॉक्टरांना कळवले नाही, ते याच भीतीच्या दुसऱ्या रूपामुळे.

तो बरा दिसेल तेव्हा त्याच्या बरेपणाविषयी काही बोलू नका. त्याच्याबरोबर बसा, तो जे करत असेल त्यात सामील व्हा. आजार परतण्यापूर्वीची त्याची स्वतःची लक्षणे कोणती, हे मात्र तो बरा असतानाच त्याच्याकडून समजून घ्या. कोणाची झोप आधी बिघडते, कोणी फोन उचलणे सोडतो, कोणी चिडका होतो. आणि बहुधा प्रत्येक वेळी त्याच क्रमाने हे घडते. ती लक्षणे दिसली तर आम्ही तुला कोणत्या शब्दांत सांगावे, हेही त्यालाच ठरवू द्या. मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारायला कचरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला जागा मिळते.

तीन झटके येऊन गेलेल्यांसाठी आणखी एक उपचार आहे. विचारांकडे सजगपणे, थोडे अंतर ठेवून पाहायला शिकवणारा हा आठ आठवड्यांचा गटातील कार्यक्रम झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी विकसित केला. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्या लोकांमध्ये आजार परतण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत 66 टक्के होते, ते या कार्यक्रमानंतर 37 टक्के झाले. हा कार्यक्रम झटका ओसरल्यानंतर शिकायचा असतो. सध्या त्याला खूप त्रास होत असेल तर घाई नको, डॉक्टरांना विचारून ठेवा.

आणि त्याने जे तुम्हाला सांगितले, त्याचे उत्तर अजून दिले नसेल तर आज द्या. 'उद्या वाईट दिवस आला तर तोही आम्हाला सांग, आम्ही हिरमुसणार नाही,' एवढे पुरे. तो दिवस येईल तेव्हा तुम्हा दोघांना वाईट वाटेलच. ते आधी एकमेकांपाशी बोलून घ्या आणि मग त्याच्या खोलीत जा.